खानदेशातील मोटार : किरकोळ भाग, मिस्त्री आणि चालकाचे साहाय्यक

१

मोटारीचा इतिहास लिहिताना बहुधा तीन प्रश्न विचारले जातात. गाडी कोणी बांधली, ती कोणी विकत घेतली आणि तिच्यासाठी रस्ता कोणी केला? चौथा प्रश्न सहसा विचारला जात नाही. गाडी वाटेत बंद पडली, तर ती पुन्हा चालू कोणी केली? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे कारखान्यांच्या अहवालांत, परिवहन कार्यालयाच्या नोंदींत आणि बांधकाम खात्याच्या दप्तरांत सापडतात. चौथ्याचे उत्तर तेलकट हातांच्या स्मरणात असते, आणि बहुधा त्या हातांबरोबरच ते नाहीसे होते.

प्रस्तुत निबंधात हा चौथा प्रश्न जळगाव व धुळे या दोन जिल्ह्यांपुरता मांडण्याचा विचार आहे. जुन्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ साली पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्वेचे ठाणे जळगाव व पश्चिमेचे धुळे. पुढे पश्चिम भागातून १९९८ साली नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला. हा प्रदेश निवडण्याचे कारण केवळ जवळीक हे नव्हे. मुंबईहून आग्र्याकडे जाणारा जुना मार्ग आणि सुरतेहून नागपूरकडे जाणारा मार्ग हे दोन्ही धुळ्यास एकमेकांना छेदतात. त्यामुळे परप्रांतीच्या गाड्या या भागात नित्य येत राहिल्या, आणि त्यांतील काही येथेच बंद पडत राहिल्या. शिवाय येथील वैशाखाचे ऊन आणि पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी काळी जमीन या दोहोंनी यंत्राची परीक्षा जितकी घेतली, तितकी फार थोड्या प्रदेशांनी घेतली असेल.

आजच्या मोटारीत चालकास साहाय्य करणाऱ्या अनेक यंत्रणा असतात. मागे घेताना अंतर सांगणारी, चढावर गाडी धरून ठेवणारी, समोर अडथळा येताच ब्रेक लावणारी, अशी त्यांची नामावळी सांगता येईल. या यंत्रणा नवीन आहेत, असे सर्वसाधारण मत आहे. आमच्या मते ते अर्धसत्य आहे. चालकास साहाय्यक पूर्वीही होता. फरक इतकाच की पूर्वी तो माणूस होता, आज तो सुटा भाग आहे. या स्थित्यंतरात दुरुस्तीचे ज्ञान कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले, हे पाहणे हा या निबंधाचा मुख्य हेतू होय.

२

मोटारीपूर्वी या प्रदेशाचे वाहन म्हणजे बैलगाडी. तिचेही सुटे भाग होते आणि तिच्याही किरकोळ तक्रारी होत्या. तुंबा, आरे, कणा, धाव, जू ही नावे केवळ सुतार-लोहारांनाच नव्हे, तर गाडी हाकणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असत. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसले की लोखंडी धाव सैल होई. अशा वेळी गाडी नदीच्या पाण्यात उभी करून चाके भिजवीत, म्हणजे लाकूड फुगून धाव पुन्हा घट्ट बसे. हा उपाय तात्पुरता. कायमचा उपाय लोहाराच्या भट्टीवर धाव तापवून ती नव्याने चढवण्याचा. बिघाड, तात्पुरती सोय आणि पक्की दुरुस्ती या तिन्ही गोष्टी गावाच्या शिवेत होत असत, हे येथे ध्यानात घ्यावयाचे.

या दुरुस्तीचा मोबदला बहुधा रोख नसे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीचे जे वर्णन केले आहे, त्यावरून सुतार व लोहार हे वर्षाच्या धान्यावर कुणब्याची अवजारे दुरुस्त करीत, हे स्पष्ट होते. म्हणजे बलुते घालणाऱ्या शेतकऱ्यास दुरुस्तीचा एक प्रकारचा हक्कच होता. या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. ती जातीने बांधलेली होती. लोहाराच्या मुलास लोहारकीवाचून गत्यंतर नव्हते, आणि धान्य किती मिळावे हे ठरवण्यात त्याचा शब्द चालत नसे. तथापि दुरुस्ती करणारा माणूस हाकेच्या अंतरावर असावा आणि त्याने केलेले काम उघड्या डोळ्यांनी समजावे, ही अपेक्षा या काळात रुजली. पुढे मोटार आली तेव्हा लोकांनी तीच अपेक्षा मोटारीकडून केली.

३

खानदेशात मोटारीच्या आधी आगगाडी आली. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे भुसावळपर्यंत पोचली आणि १९०० साली चाळीसगाव-धुळे हा फाटा सुरू झाला. आगगाडीने या भागात प्रथमच एक नवी गोष्ट आणली. दुरुस्ती ही कारखान्याची व शिस्तीची बाब ठरली. भुसावळच्या रेल्वे कार्यशाळेत भाग क्रमांकाने ओळखला जाई आणि तो बदलण्याची रीत लिहिलेली असे. गावच्या भट्टीहून हे जग वेगळे होते.

मोटार या दोन जगांच्या मध्ये उभी राहिली. ती आगगाडीप्रमाणे कारखान्यात तयार झालेली, पण बैलगाडीप्रमाणे एकट्याने, रुळांवाचून व कार्यशाळेपासून दूर हिंडणारी. आरंभी सर्वच गाड्या परदेशी असत. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईस शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला, तरी भाग बाहेरूनच येत. अशा गाडीचा एखादा भाग मोडला तर तो मुंबईहून मागवावा लागे, आणि मुंबईस नसेल तर समुद्रापलीकडून. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा देशात अनेक गाड्यांना कोळशाच्या गॅसची भट्टी जोडण्यात आली. सुटा भाग मिळत नाही म्हणून तो घडवणे आणि इंधन मिळत नाही म्हणून ते बदलणे, या दोन्ही गोष्टी त्या पिढीच्या कारागिरांना कराव्या लागल्या. लेथवर बुश कातून देणारा, पाट्यांना पुन्हा बाक देणारा आणि रेडिएटरला डाग देणारा कारागीर हा टंचाईचे अपत्य होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

४

स्वातंत्र्यानंतर धोरण बदलले. मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली होती. हिंदुस्थान मोटर्स १९४२ पासून अस्तित्वात होती. केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना १९५३-५४ च्या सुमारास येथून आवरते घ्यावे लागले, आणि मोजक्या देशी कारखान्यांच्या हाती बाजार राहिला. १९५७ साली आलेली अॅम्बॅसडर २०१४ पर्यंत निघत होती. फियाटचा वारसा सांगणारी पद्मिनीही विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकली.

या स्थितीवर अर्थशास्त्रज्ञांनी बरीच टीका केली आहे, आणि ग्राहकाच्या बाजूने पाहता ती यथार्थ आहे. गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, आणि मिळालेली गाडी जगाच्या मानाने जुनी असे. परंतु दुरुस्तीच्या इतिहासात या स्थैर्याचा एक परिणाम झाला, तो सहसा नोंदवला जात नाही. यंत्र बदलले नाही म्हणून त्याचे ज्ञान साचत गेले. बापाने उघडलेले इंजिन मुलासही उघडता येई, कारण ते तेच इंजिन असे. धुळ्याच्या आग्रा रोडवरील वा जळगावच्या अजिंठा चौफुलीजवळील दुकानात मिळणारा पॉइंट, कंडेन्सर वा क्लच प्लेट दहा वर्षांपूर्वीच्या गाडीस चाले, आणि दहा वर्षांनंतरच्याही.

खानदेशच्या उन्हाने या ज्ञानास विशिष्ट वळण दिले. त्या काळी पेट्रोल ओढणारा पंप इंजिनाच्या अंगास चिकटलेला असे. वैशाखात इंजिन तापले की पंपातच पेट्रोलची वाफ होई, पेट्रोल पुढे सरकत नसे आणि गाडी बंद पडे. यावर उपाय एकच. बॉनेट उघडावयाचे, पंपावर ओले फडके ठेवावयाचे आणि सावली शोधून बसावयाचे. थोड्या वेळाने वाफ थिजून गाडी चालू होई. जाणते चालक असे फडके आधीच गुंडाळून निघत, आणि गाडीपुढे पाण्याची कॅनव्हासची छागल टांगलेली असे. रेडिएटर ठिबकू लागला तर त्यात हळद टाकीत, टाकी गळू लागली तर तिच्यावर साबण घाशीत. या युक्त्या हास्यास्पद वाटतील. परंतु त्यांतील प्रत्येकीमागे बिघाडाचे नेमके निदान आहे. हळद फुगून बारीक छिद्र बुजवते आणि साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, हे कळल्यावाचून ती युक्ती सुचत नाही.

भाषेनेही या ज्ञानाची साक्ष ठेवली आहे. डिस्टिल्ड वॉटरचे ‘डिस्टन पाणी’ झाले, कार्ब्युरेटरचे ‘कारबेटर’ झाले. परका शब्द असा झिजतो तेव्हा तो तोंडी रुळलेला असतो, आणि तोंडी रुळतो तो हाताळलेल्या वस्तूचाच शब्द. भाषेच्या अभ्यासकांनी मिस्त्र्यांच्या शब्दसंग्रहाकडे अद्याप द्यावे तितके लक्ष दिलेले नाही.

५

आता साहाय्यकाकडे वळू. मालमोटारीवर चालकाबरोबर एक पोऱ्या असे, त्यास ‘किन्नर’ म्हणत. ‘क्लीनर’ या इंग्रजी शब्दाचे हे मराठी रूप. नावाप्रमाणे त्याचे काम गाडी धुण्याचे. प्रत्यक्षात त्याची कामे कोणती होती, हे मांडून पाहिल्यास आश्चर्य वाटेल.

गाडी मागे घेताना तो मागे उभा राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ असे ओरडे आणि फळीवर थाप मारून थांबवी. अरुंद पुलावर डावीकडे मान बाहेर काढून किती जागा उरली ते सांगे. घाटात गाडी थांबली की उडी मारून चाकामागे दगड किंवा लाकडी ठोकळा लावी, म्हणजे ती मागे घरंगळत नसे. लोखंडी दांडा टायरवर आपटून आवाजावरून हवा कमी झाल्याचे ओळखी. रात्री चालकाच्या डोळ्यावर झापड येऊ नये म्हणून त्याच्याशी बोलत बसे. आजच्या मोटारीच्या माहितीपत्रकात मागील अंतर सांगणारे सेन्सर, न दिसणाऱ्या बाजूचा इशारा, चढावर गाडी धरून ठेवण्याची सोय, टायरमधील हवेचा इशारा आणि चालकाच्या डुलकीची सूचना अशी जी यादी असते, ती या पोऱ्याच्या दिनक्रमाशी जवळजवळ ओळीने जुळते.

एक फरक मात्र मूलगामी आहे. किन्नर शिकत असे. पाना हाती देता देता त्याला पान्याचे क्रमांक पाठ होत. चार-पाच वर्षांत तो एक तर चालक होई किंवा मिस्त्री. साहाय्यकाची जागा हीच शिकाऊ उमेदवाराचीही जागा होती. सेन्सर शिकत नाही आणि वाढून मिस्त्रीही होत नाही. तो बिघडला की बदलावा लागतो.

येथेही गतकाळाविषयी भाबडेपणा नको. किन्नर बहुधा अल्पवयीन असे. त्याचा पगार नाममात्र, झोप टपावर आणि शिव्या हक्काच्या. मागे घेताना गाडीखाली सापडणारा व अपघातात केबिनच्या डाव्या बाजूस चिरडणारा तोच असे. त्याच्या जागी यंत्र आले याबद्दल कोणी हळहळू नये. प्रश्न वेगळाच आहे. त्याच्या जागेबरोबर शिक्षणाची जी वाट बंद झाली, तिच्या ऐवजी दुसरी कोणती उघडली?

६

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुतीची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती आली. १९९३ साली मोटार उद्योगावरील परवाना-पद्धती उठली. त्यानंतर गाड्यांचे प्रकार झपाट्याने वाढले, आणि साचलेले ज्ञान पातळ होत गेले. एकाच गाडीच्या दोन वर्षांच्या नमुन्यांत भाग जुळेनासे झाले. धुराचे नियम कडक होत गेले तसा कारबेटर जाऊन इंधनाचे फवारे आणि त्यांस हुकूम देणारा संगणक आला. २०१० व २०१३ साली गाडीने स्वतःच्या बिघाडाची स्वतःच नोंद ठेवण्याची यंत्रणा दोन टप्प्यांत बंधनकारक झाली. तेव्हापासून बिघाड हा आवाज, वास वा थरथर राहिला नाही. तो फलकावरचा एक पिवळा दिवा आणि स्मृतीतला एक कोड झाला. मिस्त्र्यांच्या भाषेतही ‘प्लग मारतोय’ याच्या जागी ‘कोड आलाय’ हे वाक्य रूढ झाले.

या बदलाचा लाभ नाकारता येणार नाही. पंपावरील ओले फडके इतिहासजमा झाले. इंधनाचा पंप आता टाकीतच, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि दाबाखाली पेट्रोलची वाफ सहसा होत नाही. थंडीत गाडी पहिल्या फटक्यात चालू होते. पण किरकोळ तक्रारींचे स्वरूप पालटले. उन्हाने बॅटरीचे आयुष्य पूर्वीप्रमाणेच घटते. मात्र पूर्वी अशक्त बॅटरीमुळे गाडी सुरू होत नसे इतकेच, आता विजेचा दाब घसरला की एकमेकांशी संबंध नसलेले अनेक दिवे एकदम लागतात. काळ्या मातीचा चिखल चाकांच्या वेगाची नोंद घेणाऱ्या सेन्सरवर थापतो. पावसाळ्यात ऊब शोधत आलेले उंदीर वायर कुरतडतात, आणि त्यांस दूर ठेवण्यासाठी बॉनेटखाली तंबाखूची पाने ठेवण्याचा घरगुती उपाय लाखो रुपयांच्या गाडीत केला जातो. हळदीची परंपरा अशी तंबाखूने चालू ठेवली आहे.

प्रस्तुत लेखकाचा एक अनुभव येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. धुळ्याहून जळगाव सुमारे ९० किलोमीटर. ऐन मे महिन्यात पारोळ्याच्या पुढे गाडीच्या फलकावर प्रथम एबीएसचा, मग घसरण रोखणाऱ्या यंत्रणेचा आणि शेवटी समोरील धडक टाळणाऱ्या यंत्रणेचा दिवा लागला. गाडी चालत होती, पण तिन्ही साहाय्यकांनी एकाच वेळी काम सोडले होते. एरंडोलच्या एका मिस्त्र्याने गाडीखाली शिरून पाच मिनिटांत कारण दाखवले. मागच्या चाकाच्या सेन्सरची वायर उंदराने तोडली होती. चाकाचा वेग कळेनासा झाला म्हणून एबीएस थांबले, आणि त्या माहितीवर अवलंबून असणाऱ्या वरच्या दोन्ही यंत्रणाही थांबल्या. त्याने वायर जोडून पट्टी गुंडाळली. दिवे विझले. त्यासाठी त्याने घेतलेली रक्कम संकोच वाटावा इतकी अल्प होती. पुढे नियमित तपासणीस गाडी अधिकृत कार्यशाळेत गेली तेव्हा त्या जोडावर बोट ठेवून बाहेरच्या हाताने काम झाल्याची नोंद केली गेली, त्या भागाची हमी संपल्याचे सांगण्यात आले आणि संपूर्ण वायरसंच बदलण्याची शिफारस झाली. संच येण्यास नऊ दिवस लागले. मिस्त्र्याचे निदान अचूक होते. अधिकार मात्र त्याच्यापाशी नव्हता.

निदान आणि अधिकार यांची ही फारकत एका व्यक्तीच्या अनुभवापुरती नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी एका तक्रारीवर दिलेल्या निर्णयात १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग व निदानाची उपकरणे खुल्या बाजारात न देता केवळ अधिकृत विक्रेत्यांपुरती राखल्याचा ठपका त्यांवर होता. स्वतंत्र कारागिराकडून काम करून घेतले एवढ्याच कारणाने सरसकट हमी रद्द करू नये, असेही आयोगाने बजावले. या निर्णयाविरुद्ध पुढे अपिले झाली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले, व मोटार हे क्षेत्र त्यात समाविष्ट केले. बलुतेदारीत गावच्या रिवाजाने मिळणारी गोष्ट आता कायद्याकडे मागावी लागते, हे या शतकभराच्या प्रवासाचे सार होय.

७

साहाय्यक यंत्रणांचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण तेथे पैशाबरोबर प्राणांचा संबंध येतो. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या प्रवासी मोटारींना एबीएस बंधनकारक झाले. १ जुलै २०१९ पासून चालकासाठी हवापिशवी, वेगाचा इशारा, आसनपट्ट्याची आठवण आणि मागील अंतर सांगणारे सेन्सर यांची सक्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून गाड्यांच्या सुरक्षिततेस तारे देणारी भारत एनकॅप ही योजना अमलात आली. याखेरीज रडार व कॅमेरा यांच्या साहाय्याने समोरचे अंतर राखणाऱ्या व पट्टा सोडल्यास सुकाणूस हिसका देणाऱ्या यंत्रणा २०२० नंतर मध्यम किमतीच्या गाड्यांतही दिसू लागल्या.

या यंत्रणा रस्ता वाचतात. पण रस्ता वाचता यावा तर तो आधी लिहिलेला असावा लागतो. कॅमेऱ्यास पांढरा पट्टा हवा, रडारला सरळ चालणारे वाहन हवे. चौपदरी महामार्गावर ही लिपी आढळते. तो सोडून चोपडा, यावल वा साक्रीच्या वाटेला लागले की तिचा मागमूस राहत नाही. कापसाने फुगलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली, उलट दिशेने येणारी दुचाकी, ठेलारी मेंढपाळांचा वाडा घेऊन चाललेला कळप, हा या रस्त्याचा नित्याचा मजकूर आहे. परदेशातील रस्त्यांवर शिकलेल्या यंत्रास तो अडखळत वाचता येतो. दुचाकी आडवी शिरताच यंत्र कचकन ब्रेक लावते, आणि मागे चिकटून चालणाऱ्या मालमोटारीस तेवढे अंतर मिळत नाही. म्हणून अनेक चालक या यंत्रणा बंदच ठेवतात. त्यात अडाणीपणा नाही, एक प्रकारचा हिशेब आहे. तथापि तो हिशेब सदोष असण्याचा संभव आहे, कारण यंत्राने वाचवलेला प्रसंग चालकाच्या लक्षात राहत नाही, त्याने दिलेला हिसका मात्र राहतो.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यातील पळासनेर येथे मुंबई-आग्रा महामार्गावर मालवाहू कंटेनरचे ब्रेक निकामी होऊन तो काही वाहनांना धडकत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला, आणि किमान १० जणांचा बळी गेला. सातपुड्यातून उतरणाऱ्या लांब घाटवाटेवर जड वाहनाचे ब्रेक सतत वापराने तापतात आणि पकड सोडतात. तेथे गियर खाली घेऊन इंजिनानेच वेग आवरावा लागतो, हे जुन्या चालकास किन्नरपणापासून ठाऊक असे. समोरील धडक टाळणारी यंत्रणाही अखेर त्याच ब्रेकवर विसंबते. मूळ भागच झिजलेला असेल तर वरचा साहाय्यक निरुपयोगी ठरतो. किरकोळ भागांची हेळसांड किरकोळ नसते, याचे याहून विदारक उदाहरण शोधण्याची आवश्यकता नाही.

दुसरी घटना १५ फेब्रुवारी २०२१ ची. यावल तालुक्यातील किनगावजवळ पपईने भरलेली मालमोटार उलटून तीवर बसलेले १५ मजूर मृत्युमुखी पडले. हवापिशवी, आसनपट्टा, इशारा यांपैकी काहीही त्यांच्या वाट्यास नव्हते. गाडीची सुरक्षितता मोजणाऱ्या कोणत्याही पद्धतीत मालावर बसलेल्या माणसाची गणना होत नाही. चालकास साहाय्य करणाऱ्या यंत्रणेचा इतिहास लिहिताना, ते साहाय्य कोणापर्यंत पोचत नाही हेही लिहिले पाहिजे. एरव्ही तो इतिहास माहितीपत्रकाची पुरवणी ठरेल.

८

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतील. पहिला असा की चालकाचा साहाय्यक ही कल्पना या प्रदेशास नवी नाही. नवीन आहे ते तिचे माणसातून वस्तूत झालेले रूपांतर. दुसरा असा की दुरुस्तीचे ज्ञान स्थानिक राहण्यास यंत्राचे स्थैर्य, भागाची सुलभता आणि शिकाऊ माणसाची जागा या तीन गोष्टी कारण झाल्या होत्या. त्यांपैकी पहिली आणि तिसरी आता उरली नाही, आणि दुसरीसाठी झगडा चालू आहे. तिसरा निष्कर्ष असा की किरकोळ बिघाड आणि प्राणघातक बिघाड यांच्यातील अंतर साहाय्यक यंत्रणांनी वाढवले नाही. एका तुटक्या वायरीने तीन संरक्षणे निकामी होतात, हे पाहता ते काही बाबतींत कमीच झाले आहे. म्हणूनच जवळच्या मिस्त्र्यास निदानाची साधने व शिक्षण मिळणे ही केवळ त्याच्या पोटाची नव्हे, तर सार्वजनिक सुरक्षिततेची बाब आहे.

या विषयाची साधने मात्र झपाट्याने नष्ट होत आहेत. जळगाव जिल्ह्याचे १९६२ चे व धुळे जिल्ह्याचे १९७४ चे गॅझेटिअर रस्ते व वाहने यांची माहिती देतात. गाडी बंद पडल्यावर काय होई, हे सांगणे त्यांचे काम नव्हते. ती माहिती सुट्या भागांच्या दुकानांतील कच्च्या वह्यांत, गॅरेजच्या कामचिठ्ठ्यांत, राज्य परिवहनाच्या आगारांतील बिघाडाच्या नोंदवह्यांत आणि वृद्ध मिस्त्र्यांच्या बोलण्यात आहे. इतिहासाचार्य राजवाडे दप्तरे शोधत गावोगाव हिंडले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर धुळ्यासच त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. त्या परंपरेत वाढलेल्या प्रदेशातील विद्यार्थ्यांस तेलाने माखलेली वही हेही दप्तरच आहे, हे पटवून द्यावे लागू नये. पदव्युत्तर वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याने आग्रा रोडवरील एका दुकानाच्या वीस वर्षांच्या वह्या जरी वाचल्या, तरी कोणत्या साली कोणता भाग अधिक खपला, कोणता नाहीसा झाला आणि कोणत्या वर्षापासून मिस्त्र्याऐवजी कार्यशाळेकडून मागणी येऊ लागली, हे निश्चितपणे सांगता येईल. आज या निबंधात जे तर्काने मांडले आहे, ते तेव्हा पुराव्याने मांडता येईल, किंवा खोडूनही काढता येईल. दोहोंपैकी काहीही झाले तरी या निबंधाचा हेतू सफल झाला, असे आम्ही समजू.